मुंबई सिटीला धरून आयएसएलचा अख्खा सीझन कसा फॉलो करायचा

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, भारतातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग. १५ एप्रिल २०२४ ला मुंबई सिटी कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानकडून २-१ हरली आणि जवळपास हातात आलेली लीग गेली. मग ४ मे ला त्याच मैदानावर त्याच मोहन बागानला ३-१ हरवून तीच मुंबई चॅम्पियन झाली. आता ज्याने फक्त फायनल बघितली तो म्हणणार मुंबई त्या वर्षीची बेस्ट टीम, ज्याने फक्त टेबल बघितलं तो म्हणणार मोहन बागान, आणि दोघांकडे दाखवायला ट्रॉफी आहे. हे काय प्रकरण आहे ते कळायला सीझन पहिल्यापासून बघावा लागतो आणि तो बघायची थोडी पद्धत ठरवून घ्यावी लागते, नाहीतर ऑक्टोबरमध्ये उत्साहाने सुरू केलेलं डिसेंबरपर्यंत सुटतं. प्रीमियर लीग कोळून प्यायलेल्या लोकांनाही आपल्या लीगचा फॉरमॅट झेपत नाही असं बघितलंय म्हणून हे एकदा नीट लिहून टाकतोय. उदाहरणं मुंबईची कारण ती टीम मला माहितीये, गोवावाले, केरळ ब्लास्टर्सवाले आपापली टीम घालून वाचा. कोल्हापूरकरांनी नाही वाचलं तरी चालेल, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तिथल्या टीमच्या मागे अख्खा सीझन फिरणाऱ्यांना मी काय शिकवणार.

आधी जिंकायला काय काय आहे ते बघा

इथे सांगतोय तो २०२४-२५ पर्यंतचा फॉरमॅट. लीगमध्ये प्रत्येक टीम बाकी सगळ्यांशी दोनदा खेळते, एकदा घरी एकदा बाहेर. म्हणजे ११ टीम होत्या तेव्हा २० मॅच, २०२३-२४ ला पंजाब आल्यावर २२, पुढच्या वर्षी मोहम्मडन आल्यावर २४. हे सगळं संपल्यावर टेबलमध्ये जो वर त्याला लीग विनर्स शील्ड मिळते. ही शील्ड २०१९-२० ला आली, पहिली एफसी गोवाने नेली. त्याआधी टेबलमध्ये पहिलं येऊन काहीच मिळायचं नाही, २०१६ ला उरुग्वेचा फोर्लान आणि आपला सुनील छेत्री असलेली मुंबई १४ मॅचमध्ये २३ पॉइंट घेऊन वर राहिली आणि सेमीफायनलला कोलकात्याच्या एटीकेकडून बाहेर गेली, झालं, संपला सीझन, हातात शून्य.

शील्डनंतर प्लेऑफ. २०२२-२३ पासून वरच्या सहा टीम जातात. पहिली दुसरी थेट सेमीफायनलला, तिसरी वि. सहावी आणि चौथी वि. पाचवी यांची एकेकच नॉकआऊट मॅच वरच्या टीमच्या घरी, मग सेमीफायनल दोन लेगची, म्हणजे एक मॅच घरी एक बाहेर आणि दोन्हींच्या गोलची बेरीज, मग एक फायनल. ती जिंकणाऱ्याला आयएसएल कप आणि चॅम्पियन असंही त्यालाच म्हणतात. युरोपात टेबलमध्ये पहिला आला की विषय संपतो, इथे पहिला आलेल्याला परत परीक्षा द्यावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे, शील्ड मोठी. पाच-सहा महिने गुवाहाटी, कोची, कोलकाता करत, इंजुऱ्या, सस्पेन्शन, रेफ्रीचे घोळ सगळं पचवून वर राहणं नशिबाने होत नाही. शिवाय आशियातल्या स्पर्धांचं मुख्य तिकीट शील्डवरच मिळत आलंय. पण कपची रात्र वेगळीच असते हे पण खरंय आणि मेमध्ये गल्लीत फटाके कपला वाजतात, शील्डला नाही. दोन्ही एकाच सीझनला जिंकणाऱ्या टीम २०२५ पर्यंत दोनच झाल्या, २०२०-२१ ची मुंबई आणि २०२४-२५ ची मोहन बागान.

ह्याच्या बाहेर ड्युरँड कप आणि सुपर कप. त्यांच्यावर खाली येतो कारण ते बघायची नजर वेगळी लागते.

वही करा, खरंच करा

वही, एक्सेल, फोनमधली नोट, काहीही चालेल, पण लीग, प्लेऑफ आणि कप हे तीन कप्पे सुरुवातीपासून वेगळे ठेवा. सगळ्या मॅच एकाखाली एक लिहिल्या तर मार्चमध्ये तुम्हालाच कळणार नाही की टीम चांगली चाललीये की नुसतंच तसं वाटतंय. प्रत्येक मॅचला एक ओळ: तारीख, घरी की बाहेर, स्कोअर, गोल कोणी कितव्या मिनिटाला, यलो-रेड कोणाला, आणि शेवटी दोन शब्द स्वतःचे. ते शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे कारण बाकी सगळं नेटवर मिळतं. "१-० जिंकलो पण कीपरने वाचवलं" असं त्या रात्री लिहिलेलं असेल तर दोन महिन्यांनी टीम कोसळायला लागल्यावर तुम्हाला धक्का बसत नाही.

मिनिट का लिहायचं सांगतो. २०२४ च्या सेमीफायनलचा पहिला लेग, २४ एप्रिल, गोव्याचं घरचं मैदान फातोर्डा, ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे. मग मुंबईचा छांगते, मग विक्रम प्रताप, मग परत छांगते, सहा-सात मिनिटांत तीन गोल आणि मुंबई ३-२. नुसता ३-२ लिहिलात तर वाटेल भारी चुरशीची मॅच झाली असेल, मिनिटं लिहिलीत तर कळतं की दीड तास मुंबई हरतच होती. त्या रात्री फातोर्ड्यात बसलेल्या गोवेकरांबद्दल मी काही बोलत नाही. दुसरा लेग अंधेरीत, मुंबईच्या घरी, २-० झाला आणि मुंबई फायनलला.

फिक्स्चर आलं की सरळ वाचू नका

लिस्ट आली की लोक मोठ्या मॅच शोधतात, मोहन बागान कधी, बंगळुरू कधी. ते कराच, पण त्याआधी मॅचमधलं अंतर बघा. चार दिवसांत दोन मॅच आणि त्यातली एक गुवाहाटीला, असा तुकडा दिसला की त्यावर खूण करा, पॉइंट तिथे गळतात. आणि नॅशनल टीमचे ब्रेक पण कॅलेंडरमध्ये लिहा. चांगल्या टीमचे चार-पाच जण तरी इंडिया कॅम्पला जातात, दमून येतात, कोणी लंगडत येतो.

आशियातल्या मॅच असल्या तर त्या पण ह्याच कॅलेंडरमध्ये घाला. २०२३-२४ ला मुंबई एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये होती, समोर सौदीची अल हिलाल, इराणची नसाजी, उझबेकिस्तानची नवबहोर, आणि घरच्या मॅच अंधेरीत नव्हत्याच, पुण्यात बालेवाडीला होत्या, अल हिलालची तेवढी डीवाय पाटीलला. त्यांचा नेमार येणार म्हणून केवढा गोंधळ, तिकिटं काय, आणि तो इंजुरीमुळे आलाच नाही. सहाच्या सहा मॅच हरली मुंबई. त्याच सुमारास नोव्हेंबरमध्ये कोच डेस बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले आणि डिसेंबरमध्ये पीटर क्रॅट्की आले. लीगची तेव्हाची ओळ ह्या सगळ्याशेजारी ठेवून वाचली तर तो सीझन केवढा अवघड होता ते दिसतं, नुसतं टेबल हे सांगत नाही.

कोच बदलला की वहीत आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचं आणि खालचं वेगळं मोजा.

टेबल वाचायचं कसं

पहिली गोष्ट, खेळलेल्या मॅचचा रकाना. आपल्याकडे टीमच्या मॅच सारख्या नसतात, कोणी तीन जास्त खेळलेलं असतं, आणि लोक स्क्रीनशॉट टाकतात "आम्ही टॉपला". म्हणून पॉइंटला मॅचने भागा. मी वापरतो तो ढोबळ नियम असा की मॅचला दोन पॉइंटच्या वर असाल तर शील्डच्या रेसमध्ये आहात, दीडच्या आसपास असाल तर सहात याल असं धरून चाला, सव्वाच्या खाली गेलात की पुढच्या सीझनच्या गप्पा सुरू करा. तपासून बघा, २०२०-२१ ची मुंबई २० मॅचमध्ये ४०, म्हणजे बरोबर दोन. २०२२-२३ ला ४६, म्हणजे २.३. २०२३-२४ ला मोहन बागान २२ मध्ये ४८ आणि मुंबई ४७, दोघं दोनच्या वर आणि एका पॉइंटने फैसला. खाली बघा, २०२४-२५ ला मुंबई २४ मध्ये ३६ घेऊन सहावी, म्हणजे दीड. २०२३-२४ ला चेन्नईयिन मात्र २२ मध्ये २७ वर सहावी आली, म्हणजे कधीकधी स्वस्तात पण सुटतं.

दुसरी गोष्ट, टाय झाला तर काय. प्रीमियर लीग बघणारे इथे फसतात, ते लगेच गोल डिफरन्सकडे बघतात. आयएसएलमध्ये पॉइंट सारखे झाले की आधी त्या दोन टीमच्या आपसातल्या मॅच बघतात. २०२०-२१ चा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी २०२१, मुंबई वि. एटीके मोहन बागान (मोहन बागानचं तेव्हाचं नाव), बागान तीन पॉइंटने पुढे. मुंबई २-० जिंकली, गोल फॉल आणि ओगबेचेचे, दोन्ही टीम ४० वर आल्या. पण जानेवारीत पण मुंबईनेच त्यांना १-० हरवलं होतं, म्हणजे आपसात दोन्ही मॅच मुंबईच्या, शील्ड मुंबईला. ती जानेवारीची १-० तेव्हा साधी मॅच वाटलेली. म्हणून वरच्या चार टीमसोबतच्या मॅच वहीत वेगळ्या रंगाने लिहा, त्या दीडपट महत्त्वाच्या असतात.

तिसरं, टेबल मैदानाबाहेर पण बदलतं. मार्च २०२४ ला जमशेदपूर वि. मुंबई १-१ सुटली होती. पण मैदानावर किमान सात भारतीय पाहिजेत हा नियम जमशेदपूरकडून मोडला गेला, मुंबईने तक्रार केली आणि फेडरेशनच्या शिस्तपालन समितीने मॅच ३-० मुंबईला दिली. एका पॉइंटचे तीन झाले. तेव्हा निकाल आला की पेन्सिलने लिहा आणि शेवटच्या शिट्टीलाच सगळं संपलं असं समजू नका.

चौथं, टेबलच्या तळाकडे बघा. पंजाब आणि मोहम्मडन खालून वर आले पण २०२४-२५ पर्यंत खाली कोणी गेलेलं नाही, प्रमोशन होतं आणि रेलिगेशन (तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये पाठवणं) सुरू झालं नव्हतं. त्यामुळे फेब्रुवारीनंतर खालच्या टीमना गमवायला काही नसतं. कोणी पोरांना खेळवतं, कोणी मोकळं खेळून वरच्यांना पाडतं. इंग्लंडमध्ये ज्या मॅचला जीव जातो त्या इथे बेभरवशाच्या असतात, अशा मॅचचे तीन पॉइंट आधीच धरून बसू नका.

टीम ओळखा

एका मॅचला मैदानावर चारच परदेशी असतात, २०२१-२२ पासून. त्याआधी पाच असायचे. म्हणजे उरलेले सात भारतीय आणि खरी टीम तीच असते, तरी ऑगस्टमध्ये सगळी चर्चा कोणता स्पॅनिश येतोय, कोणता ऑस्ट्रेलियन येतोय ह्याचीच. मुंबईच्या दोन्ही फायनलचा इतिहास बघा. १३ मार्च २०२१, फातोर्डा, १-१ चालू, ९० वं मिनिट, ओगबेचेने बागानच्या कीपरच्या गोंधळात बॉल काढला आणि दिला बिपिन सिंगला, गोल, २-१. २०२४ च्या फायनलला १-१ असताना ८१ व्या मिनिटाला गोल कोणाचा, परत बिपिन. मणिपूरचा हा माणूस सीझनभर लोकांच्या शिव्या पण खातो आणि फायनलला गोल पण मारतो.

म्हणून पहिल्या चार-पाच मॅचमध्ये एवढंच करा, कोणते सात भारतीय सुरुवातीपासून खेळतात ते लिहा. तेच तेच दिसले तर कोचला टीम सापडलीये. दर मॅचला लेफ्ट बॅक बदलत असेल तर तिथे भोक आहे आणि समोरच्यांना पण ते दिसतंय.

परदेशी बघायचे तर जोड्या बघा. २०२०-२१ ला कोच लोबेरा गोव्याहून आले ते एकटे आले नाहीत, फॉल, जाहू, बूमू पण आले, सगळी पाठीच्या कण्यातली माणसं, त्यामुळे मुंबई पहिल्या महिन्यापासून गोव्यासारखी खेळायला लागली. आणि तरी पहिलीच मॅच नॉर्थईस्टकडून ०-१ हरली, जाहूला हाफटाइमच्या आधी रेड. त्या रात्री किती जणांनी सीझन संपला म्हणून जाहीर केलं विचारू नका. त्यानंतर बारा मॅच हरली नाही ती टीम. पहिल्या तीन मॅचवर मत बनवू नका, लिहून ठेवा आणि गप्प बसा.

कार्डांचा हिशोब ठेवा, चार यलो झाले की एक मॅच बाहेर. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचे तीन झालेत आणि पुढची मॅच चेन्नईयिनशी, त्याच्यापुढची बागानशी, असं दिसलं की कोच त्याला चेन्नईयिनच्या मॅचला बेंचवर बसवेल का हा प्रश्न तुम्हाला आधीच पडला पाहिजे. पडला की समजा तुम्ही सीझन फॉलो करताय.

सगळ्या मॅच बघायच्या का

नाही. नोकरी आहे, घर आहे, साडेसातची मॅच साडेनऊला संपते आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी घरात टीव्हीवर दुसरंच काही चालू असतं. मी म्हणेन घरच्या मॅच शक्यतो सगळ्या बघा, बाहेरच्या वरच्या पाच टीमच्या बघा, बाकीचे हायलाइट. पण सलग तीन मॅच नुसत्या हायलाइटवर काढू नका, टीम हातातून जाते. हायलाइटमध्ये गोल दिसतात, टीम ६० व्या मिनिटानंतर मागे सरकत जातेय हे दिसत नाही. अख्खी मॅच जमत नसेल तर दुसरा हाफ बघा, पहिल्यापेक्षा तो जास्त सांगतो, कोणाच्या पायात किती उरलंय आणि बेंचवर काय आहे.

आणि वर्षातून दोन-तीनदा तरी मैदानात जा. अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, मेट्रो एकचं आझाद नगर स्टेशन, तिथून चालत. साताठ हजारांचंच मैदान आहे, सॉल्ट लेकसमोर खेळण्यातलं वाटेल, पण त्यामुळेच बॉलला लागलेली लाथ ऐकू येते आणि कीपर डिफेन्सला काय ओरडतोय ते पण. वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, म्हणजे मुंबईचा फॅन क्लब, जिथे उभे असतात तिथे उभं राहायचं तर नव्वद मिनिटं उभं राहायची आणि घसा बसवायची तयारी ठेवून जा, खेळ नीट बघायचा असेल तर त्यांच्यापासून थोडं लांब आणि उंचावर बसा. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. बॉल डावीकडे असताना उजवा बॅक कुठे उभा आहे हे फक्त मैदानात दिसतं.

ह्या मैदानाची एक गोष्ट सांगायची राहिली तर चैन पडणार नाही. २०१९ ची आयएसएल फायनल इथेच झाली, बंगळुरू वि. गोवा, एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून बंगळुरूला १-० जिंकून देणारा राहुल भेके, मुंबईचा पोरगा. पुढे तोच मुंबई सिटीकडून २०२४ चा कप जिंकला आणि लगेच परत बंगळुरूला गेला. आपल्या शहरात आपल्याच माणसाने दुसऱ्याला चॅम्पियन केलं, चालायचंच.

प्लेऑफ आले की लीगची वही बाजूला

इथे फॉर्म बघायचा, टेबल नाही. २०२२-२३ ची मुंबई माझ्या मते आत्तापर्यंतची बेस्ट मुंबई. सलग १८ मॅच हार नाही, ५४ गोल, डियाझ ११, छांगते १०. ११ फेब्रुवारी २०२३ ला गोव्यात जाऊन ५-३ जिंकली आणि दोन मॅच बाकी असतानाच शील्ड पक्की. मग त्या दोन्ही मॅच हरली, बंगळुरूकडून आणि ईस्ट बंगालकडून. लोक म्हणाले काही नाही, शील्ड झालीये, रिलॅक्स आहेत. इकडे बंगळुरू मात्र शेवटच्या आठ लीग मॅच ओळीने जिंकून येत होती. नॉकआऊटला केरळसमोर, ते तयार व्हायच्या आतच, छेत्रीने ती पटकन फ्रीकिक मारली, रेफ्रीने गोल धरला आणि ब्लास्टर्स मैदान सोडून निघून गेले तो किस्सा सगळ्यांना माहितीये. पुढे सेमीफायनल, समोर मुंबई. पहिल्या लेगला अंधेरीत छेत्रीचा गोल, ०-१. दुसऱ्या लेगला बंगळुरूत मुंबई २-१ जिंकली, बेरीज २-२, पेनल्टी, ९-८, मुंबई बाहेर.

आता ह्याला तुम्ही काय म्हणणार, मुंबई वाईट होती? वहीत दोन कप्पे वेगळे असतील तर हा प्रश्नच पडत नाही. लीगच्या कप्प्यात २० पैकी १४ विजय आहेत आणि प्लेऑफच्या कप्प्यात एक हार, एक जीत आणि एक चुकलेली पेनल्टी आहे.

उलटंही होतं. २०२४-२५ ला मुंबई लीगच्या शेवटी बंगळुरूला त्यांच्याच कांतीरवा स्टेडियमवर २-० हरवून सहावी आली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच कांतीरवात नॉकआऊटला ०-५. म्हणून प्लेऑफआधी तीन गोष्टी लिहून काढा. शेवटच्या पाच मॅचचे निकाल. कोण सस्पेंड, कोण इंजर्ड. आणि मधे किती दिवसांची गॅप पडली, कारण थेट सेमीला जाणाऱ्या टीमला गॅप मोठी मिळते, ती कधी आराम असते आणि कधी गंज.

दोन लेगची मॅच १८० मिनिटांची एकच मॅच समजून बघा, बाहेर मारलेल्या गोलला जास्त वजन द्यायची भानगड आता नाही. आणि पेनल्टीपर्यंत गेलं तर शेवटच्या मिनिटांत बेंचकडे बघा. मार्च २०२१, गोव्यातलं बांबोळी, मुंबई वि. गोवा, पहिला लेग २-२, दुसरा ०-०, एक्स्ट्रा टाइम संपत आल्यावर लोबेरांनी कॅप्टन कीपर अमरिंदरलाच काढून फुर्बा लाचेनपाला आणलं. गोव्याने पण कीपर बदलला. मुंबई ६-५ जिंकली आणि शेवटची पेनल्टी मारली रोलिन बोर्जेसने, जो स्वतः गोव्याचा. असल्या गोष्टी स्कोअरलाइनमध्ये कुठे सापडणार.

कप कसे बघायचे

ड्युरँड १८८८ पासूनचा, आशियातला सगळ्यात जुना, आर्मी चालवते, आणि सध्या सीझनच्या आधी पावसाळ्यात होतो. बरेच क्लब पोरांची किंवा अर्धवट टीम पाठवतात, प्रीसीझन असल्यासारखे. त्यामुळे ड्युरँडमधल्या निकालावरून लीगचा अंदाज बांधू नका, त्याऐवजी नवीन पोरं बघा, त्यातली दोन-तीन डिसेंबरपर्यंत मेन टीमच्या बेंचवर दिसतील. अर्थात टीम मनावर घेते तेव्हा ड्युरँड पण जोरात होतो, २०२२ ला मुंबई फायनलपर्यंत गेली, बंगळुरूकडून २-१ हरली, आणि त्याच सीझनला लीगमध्ये काय केलं ते वर सांगितलंच.

जुन्या मुंबईकरांना कप म्हटलं की रोव्हर्स आठवतो. १८९१ ला सुरू झालेला, कूपरेजवर व्हायचा, कोलकात्याच्या टीम इथे येऊन खेळायच्या. २००१ नंतर झालाच नाही. मुंबईचा स्वतःचा एवढा जुना कप असा विरून गेला ह्याचं मला अजून वाईट वाटतं, पण ते असो.

सुपर कप बघताना तारीख बघा, तो दर वेळी वेगळ्याच महिन्यात उगवतो. २०२३ ला सीझन संपल्यावर एप्रिलमध्ये, २०२४ ला मधेच जानेवारीत भुवनेश्वरला, २०२५ ला परत एप्रिल-मेमध्ये. जानेवारी २०२४ ला नॅशनल टीम कतारला एशियन कप खेळत होती म्हणजे क्लबांचे इंडियावाले सगळे तिकडे. मुंबई सेमीफायनलला ओडिशाकडून ०-१ हरली तेव्हा टीममध्ये कोण नव्हतं हे लिहिल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही. कपच्या प्रत्येक ओळीला "कोण नव्हतं" हा एक रकाना जास्तीचा ठेवा, लीगला तो नसला तरी चालतो.

आणि आपल्या फुटबॉलमध्ये सीझन होईलच ह्याची पण खात्री धरू नका. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता, नवीन ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये पुढचा सीझनच थांबवून ठेवला. आणि क्लब राहील ह्याची तरी कुठे असते. महाराष्ट्र डर्बी म्हणून आपण मुंबई वि. पुणे एन्जॉय करायचो, २०१९ ला पुणे सिटी बंद, तिची जागा हैदराबादला. त्याआधी २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली मुंबईची महिंद्रा युनायटेड, ती पण २०१० ला बंद. जर्सी घेतलीत तर जपून ठेवा एवढंच म्हणतो.

सीझन संपल्यावरचं काम

फायनल झाली की बहुतेकजण अॅप बंद करतात. पुढचा सीझन कळायचा असेल तर मे-जूनचे सहा आठवडे सोडू नका. क्लब "थँक यू" असं लिहून फोटो टाकायला लागतो, प्रत्येक फोटो वहीत लिहा आणि शेजारी लिहा की त्याने किती मॅच सुरुवातीपासून खेळल्या. २०२४ चा कप जिंकल्यावर अपुइया मोहन बागानला गेला, डियाझ आणि भेके बंगळुरूला. जानेवारीतच सोडून गेलेला ग्रेग स्टुअर्ट पण फिरून मोहन बागानमध्येच दिसला. कण्यातली चार माणसं, आणि ती पण नेमकी ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी मोहन बागानने शील्ड आणि कप दोन्ही नेले, बंगळुरू फायनलला गेली, मुंबई सहावी. ऑगस्टमध्ये ही यादी समोर असती तर कोणाला नवल वाटलं नसतं.

मग नवीन कोण आले ते त्याच पानावर समोरासमोर लिहा. गेलेल्याच्या जागी त्याच पोझिशनचा आलाय का, वय काय, मागच्या सीझनला किती मिनिटं खेळला. जिथे समोरची जागा रिकामी राहील तिथे वर्तुळ काढून ठेवा आणि जानेवारीच्या विंडोपर्यंत ती भरते का बघत राहा.